स्विचच्या प्रत्येक पोर्टला आयपी पत्ता द्यायचा असतो का?

तूरडाळ_जळगाव (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.१०

सर्व सभासदांना नमस्कार. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये हिशेब पाहतो. कार्यालयात संगणक थोडाफार कळणारा मी एकटाच असल्यामुळे प्रिंटरपासून केबलपर्यंतची सर्व कामे फिरून माझ्याकडेच येतात. आमच्याकडे कार्यालयात ७ संगणक, वजनकाट्यावर १ संगणक आणि गोदाम, यार्ड व प्रवेशद्वार मिळून १६ कॅमेरे आहेत. आजवर ही सारी यंत्रे एकाच जाळ्यात होती, सर्वांचे आयपी पत्ते (जाळ्यात यंत्राची ओळख सांगणारे आकडे) १९२.१६८.१ ने सुरू होत होते, आणि हंगामात वजनकाट्याची पावती रेंगाळू लागली की सर्वजण कॅमेऱ्यांना दोष देत असत.

आता मालकांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्को कंपनीचा २४ पोर्टचा जुना स्विच (यंत्रे केबलने एकमेकांशी जोडणारे उपकरण; केबल खोचायचे भोक म्हणजे पोर्ट) आणला असून कॅमेरे वेगळे करण्याचे काम मला दिले आहे. विक्रेत्याने स्विच ‘लेअर थ्री’, म्हणजे राउटरसारखा एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात माहिती पोहोचवू शकणारा, असल्याचे सांगितले. मी असे ठरवले की प्रत्येक पोर्टला स्वतंत्र आयपी पत्ता द्यावा, म्हणजे कोणता कॅमेरा कोणत्या पोर्टवर आहे ते पत्त्यावरूनच कळेल. कन्सोल केबल (संगणकावरून थेट स्विचला आज्ञा देण्याची केबल) लावून, वेग ९६०० ठेवून आत शिरलो आणि पहिल्या पोर्टवर ‘आयपी ॲड्रेस १९२.१६८.१.१०१ २५५.२५५.२५५.०’ ही आज्ञा दिली. उत्तर आले, ‘आयपी ॲड्रेसेस मे नॉट बी कॉन्फिगर्ड ऑन एल टू लिंक्स’. मग शोधाशोध करून ‘नो स्विचपोर्ट’ ही आज्ञा दिली, तेव्हा पहिल्या पोर्टने पत्ता स्वीकारला; परंतु दुसऱ्या पोर्टला १०२ देताच पहिल्या पोर्टचे नाव घेऊन ‘ओव्हरलॅप्स’ अशी तक्रार आली. माझे नेमके काय चुकते आहे?

(आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. स्विचवर त्या रोमन लिपीतच टंकतो, याची खात्री असावी.)

शिरपूरकर | सोमवार, रात्री ९.२५

दुसरा पोर्ट नाही म्हणाला, याचा अर्थ स्विच ठणठणीत आहे. विक्रेत्याने फसवलेले नाही, एवढे समाधान माना.

अमळनेरची_प्राध्यापिका | सोमवार, रात्री १०.०५

माझ्या पदविकेच्या विद्यार्थ्यांचाही दरवर्षी हाच गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

स्विचचे मूळ काम लेअर टूचे, म्हणजे मॅक पत्ता पाहून माहिती योग्य पोर्टकडे पाठवण्याचे आहे. एखाद्या पोर्टमधून फ्रेम (माहितीचा एक गठ्ठा) आत आली की ती पाठवणाऱ्या यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यात मिळालेला क्रमांक) आणि तो पोर्ट अशी जोडी स्विच आपल्या तक्त्यात लिहितो, आणि त्या यंत्राकडून पुढे काहीच आले नाही तर सिस्कोच्या मूळ मांडणीत (सेटिंग्जमध्ये) ३०० सेकंदांनी ती नोंद पुसतो. या साऱ्या व्यवहारात त्याला आयपी पत्ता वाचण्याची गरजच पडत नाही. आयपी पत्ता कॅमेऱ्याचा असतो. कॅमेऱ्याची केबल ज्या भोकात खोचली आहे त्या भोकाचा नसतो. कोणत्या पोर्टवर काय लावले आहे हे नोंदवायचे असेल, तर त्यासाठी ‘डिस्क्रिप्शन’ ही साधी आज्ञा आहे.

‘नो स्विचपोर्ट’ दिल्यावर मात्र त्या पोर्टची जातच बदलते. तो स्विचचा पोर्ट न राहता राउटरचा पोर्ट होतो. आपल्या मास्कप्रमाणे (पत्त्याचा किती भाग जाळ्याचा हे सांगणाऱ्या २५५.२५५.२५५.० या आकड्याप्रमाणे) १०१ आणि १०२ हे दोन्ही पत्ते १९२.१६८.१.० याच जाळ्यातले आहेत, आणि एकच जाळे दोन दारांशी बांधले तर त्या जाळ्यातील एखाद्या यंत्राकडे जाणारे पॅकेट कोणत्या दाराने काढायचे हे राउटरला ठरवता येत नाही. ‘ओव्हरलॅप्स’ ही तक्रार त्याचसाठी आहे.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेले वेगळे आभासी जाळे. आपल्याला हवा आहे तो व्हीलॅन इंटरफेस, ज्याला पुस्तकांत स्विच व्हर्च्युअल इंटरफेस किंवा थोडक्यात एसव्हीआय म्हणतात. कॅमेऱ्यांचे पोर्ट एका व्हीलॅनमध्ये घालावेत, कार्यालयाचे दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घालावेत आणि प्रत्येक व्हीलॅनला स्विचच्या बाजूने एकच आयपी पत्ता द्यावा. तो पत्ता त्या व्हीलॅनमधील यंत्रांचा गेटवे, म्हणजे जाळ्याबाहेर जाण्याचे दार, होतो. २४ पोर्ट असले तरी आपल्याला स्विचवर एकूण दोनच पत्ते लिहावे लागतील.

भुसावळकर_अण्णा | सोमवार, रात्री १०.४०

ताईंनी लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. मी रेल्वेच्या दूरसंचार विभागातून निवृत्त झालो असल्यामुळे मला ही गोष्ट फलाटांवरून समजते. भुसावळ स्थानकाला बीएसएल हे संकेताक्षर आहे, जळगावला जेएल आहे. परंतु फलाटाला मात्र फक्त क्रमांक असतो. तिकीट बीएसएलचे मिळते, फलाट ४ चे मिळत नाही. पोर्ट म्हणजे फलाट आणि व्हीलॅन म्हणजे स्थानक. ‘नो स्विचपोर्ट’ केलेला पोर्ट म्हणजे एकच फलाट असलेले छोटे स्थानक, म्हणून त्याला स्वतःचे संकेताक्षर मिळते. पण दोन स्थानकांना एकच संकेताक्षर कोणी देणार नाही.

शिरपूरकर | सोमवार, रात्री १०.४८

अण्णा, आमच्या शिरपूरला रेल्वेच नाही. आम्ही व्हीलॅन कसे समजून घ्यावे?

भुसावळकर_अण्णा | सोमवार, रात्री १०.५५

एसटीच्या स्थानकालाही फलाट असतात, भाऊ.

पांझरा_काठ | मंगळवार, सकाळी ७.३०

मला या सगळ्या खटाटोपाबद्दल वेगळे म्हणायचे आहे. १६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तरी एकूण भार ६४ एमबीपीएस होतो, आणि गिगाबिट स्विचला तो किरकोळ आहे. शिवाय कॅमेऱ्याचे चित्र थेट रेकॉर्डरच्या पोर्टकडे जाते. स्विच ते वजनकाट्याच्या पोर्टवर टाकत नाही. तेव्हा पावती रेंगाळते ती कॅमेऱ्यांमुळेच, हे कोणी मोजून पाहिले आहे का? कॅमेरे वेगळे करण्याला माझा विरोध नाही. कॅमेऱ्यांचे पासवर्ड कोणी बदलत नाही आणि हिशेबाच्या संगणकापाशी त्यांना मोकळे सोडणे बरे नव्हे, हे एक कारण मला पुरेसे वाटते. परंतु आयपी पत्ते बदलले की पावती भराभर निघेल, असे मालकांना सांगून बसू नका.

केळीबाग_रावेर | मंगळवार, सकाळी ९.१५

आमच्या रायपनिंग चेंबरवर तापमानाचे नियंत्रक आणि कॅमेरे एकत्र आहेत. तेथील तंत्रज्ञाने व्हीलॅन न करता एकाच व्हीलॅन इंटरफेसवर ‘सेकंडरी’ असा शब्द जोडून दुसरा पत्ता दिला आणि दोन जाळी वेगळी झाली असे सांगितले. हा सोपा मार्ग धागाकर्त्यांना चालणार नाही का?

अमळनेरची_प्राध्यापिका | मंगळवार, सकाळी ११.००

चालेल, परंतु ते वेगळे होणे केवळ कागदावरचे आहे. दोन्ही जाळ्यांची यंत्रे एकाच व्हीलॅनमध्ये राहतात, एकमेकांचे ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेले संदेश) ऐकतात, आणि कोणीही आपल्या संगणकाचा पत्ता हाताने बदलून पलीकडच्या जाळ्यात जाऊन बसू शकतो. पत्ते बदलण्याच्या काळात जुने आणि नवे दोन्ही पत्ते काही दिवस चालू ठेवायचे असतील, तेव्हा ‘सेकंडरी’ फार उपयोगी पडते. मात्र एक सावधगिरी घ्यावी. ‘सेकंडरी’ हा शब्द लिहायचा राहिला तर नवा पत्ता जुन्याच्या जोडीला न बसता त्याच्या जागी बसतो, आणि स्विच त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

सातपुडा_नेट | मंगळवार, दुपारी १.२०

ताईंच्या शेवटच्या वाक्याचा अनुभव मी घेतला आहे. शहाद्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी स्विच बसवला होता आणि नंदुरबारला घरी बसून त्याचे काम दुरून पाहत असे. एकदा त्याच्या व्यवस्थापनाच्या व्हीलॅनला दुसरा पत्ता जोडायचा होता. ‘सेकंडरी’ राहिले, जुना पत्ता गेला आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. मालकांना फोन करून स्विच बंद-चालू करा असे सांगितले असते तर जतन न केलेला बदल पुसला गेला असता आणि जुना पत्ता परत आला असता. मात्र माझी घाईची सवय अशी होती की बदलाच्या सगळ्या ओळी आणि शेवटी ‘राइट मेमरी’ असे एकत्र चिकटवायचे. ती शेवटची ओळही स्विचने इमानाने पाळली होती. मे महिना होता. भर दुपारी मोटारसायकलवर प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडताना मी स्वतःला काय काय म्हणालो ते येथे लिहिण्यासारखे नाही.

तेव्हापासून दुरून पत्ता बदलायचा असेल तर मी आधी ‘रीलोड इन १०’ देतो. दहा मिनिटांनी स्विच आपोआप नव्याने सुरू होतो आणि शेवटची जतन केलेली मांडणी उचलतो. ही आज्ञा देताना स्विचने मांडणी जतन करायची का असे विचारले, तर नाही म्हणायचे. मग बदल करायचा, नव्या पत्त्यावर जोडणी होते का पाहायची, झाली तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचे आणि त्यानंतरच जतन करायचे.

पुण्यात_खान्देशी | मंगळवार, दुपारी २.०५

ज्युनिपरच्या यंत्रांवर यासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ अशी सोय आहे. मुदतीत, म्हणजे काही वेगळे सांगितले नसेल तर १० मिनिटांत, दुसऱ्यांदा पुष्टी दिली नाही तर मांडणी स्वतःहून मागे फिरते आणि यंत्र बंद-चालूही होत नाही. तेथे पोर्टला थेट पत्ता न देता पोर्टच्या ‘युनिट’ला, ‘फॅमिली इनेट’ असे सांगून, पत्ता द्यावा लागतो. व्हीलॅनसाठी आयआरबी नावाचा इंटरफेस असतो. एचपीच्या प्रोकर्व्ह मालिकेत तर व्हीलॅनच्याच मांडणीत शिरून पत्ता लिहितात. शब्द बदलले तरी विचार एकच आहे.

मूळ प्रश्नाबद्दल माझा सल्ला असा, की इंटरनेटच्या राउटरकडे जाणारा एक पोर्ट ‘नो स्विचपोर्ट’ करून ठेवावा आणि राउटर व स्विच यांच्यात १०.०.०.० हे ४ पत्त्यांचे, म्हणजे २५५.२५५.२५५.२५२ मास्कचे छोटे जाळे करावे. त्यातील वापरण्याजोगे दोन पत्ते दोन टोकांना पुरतात. असा पोर्ट पडला की त्याचा इंटरफेस तत्काळ पडतो आणि त्यावरचा मार्गही तक्त्यातून निघतो. एसव्हीआय मात्र व्हीलॅनमधील एखादा जरी पोर्ट जिवंत असेल तोवर चालूच दिसतो. शिवाय त्या दुव्यावर स्पॅनिंग ट्रीची (केबलींचे वर्तुळ होऊ न देणाऱ्या व्यवस्थेची) कटकट राहत नाही.

सातपुडा_नेट | मंगळवार, दुपारी २.४०

दादा, आपला आराखडा पुण्याच्या डेटा सेंटरला शोभतो. डाळमिलमध्ये इंटरनेटचा डबा सेवा देणाऱ्याने बसवलेला असतो. कार्यालयाचे जाळे स्विचच्या मागे गेले की परत येणारे पॅकेट कोणाकडे द्यायचे हे त्या डब्याला सांगावे लागते, म्हणजे त्यात परतीचा मार्ग लिहावा लागतो. असल्या कित्येक डब्यांत ती सोय नसते, असली तरी तिचा पासवर्ड ग्राहकाला मिळत नाही. मग स्विचवरून पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) जाते, कार्यालयातून मात्र काहीच उघडत नाही, आणि माणूस दोन दिवस स्विचलाच बोल लावत बसतो.

माझ्या मते कार्यालयाचे जाळे आहे तसेच १९२.१६८.१.० ठेवावे. त्याचे व्हीलॅन १० करावे, स्विचला त्यात १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा आणि इंटरनेटचा डबा १९२.१६८.१.१ वर त्याच व्हीलॅनमध्ये राहू द्यावा. कॅमेऱ्यांचे व्हीलॅन २० करून स्विचला १९२.१६८.२०.१ द्यावा. संगणकांचा आणि रेकॉर्डरचा गेटवे १९२.१६८.१.२, म्हणजे आपला स्विच, असा करावा. इंटरनेटकडे जाणारे पॅकेट स्विच डब्याकडे ढकलतो, आणि परत येणारे पॅकेट डबा थेट संगणकाला देतो, कारण त्याच्या दृष्टीने संगणक त्याच्याच जाळ्यात आहे. रेकॉर्डर कार्यालयाच्या बाजूला ठेवल्यामुळे मालकांना मोबाईलवर चित्र दिसत राहील आणि कॅमेऱ्यांना मात्र इंटरनेटची वाट मिळणार नाही.

पुण्यात_खान्देशी | मंगळवार, दुपारी ३.१०

परतीच्या मार्गाचा मुद्दा मान्य आहे. ज्या राउटरवर आपला हात चालत नाही त्याच्यापुढे माझा आराखडा अडेल. आपल्या आराखड्यात पॅकेट ज्या व्हीलॅनमधून आले त्याच व्हीलॅनमध्ये परत जात असल्यामुळे स्विच संगणकांना ‘तुम्ही थेट १.१ कडेच जा’ अशा अर्थाचे आयसीएमपी रिडायरेक्ट पाठवू लागेल. त्याने बिघडत काही नाही, परंतु नको असेल तर व्हीलॅन १० च्या इंटरफेसवर ‘नो आयपी रिडायरेक्ट्स’ लिहावे.

तूरडाळ_जळगाव (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. सातपुडा दादांचा आराखडा घेतला. पोर्ट पूर्ववत ‘स्विचपोर्ट’ केले आणि ‘इंटरफेस व्हीलॅन २०’ करून १९२.१६८.२०.१ हा पत्ता दिला. या वेळी स्विचने निमूटपणे तो घेतला. परंतु ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ मध्ये व्हीलॅन २० समोर पहिल्या रकान्यात ‘अप’ आणि दुसऱ्या रकान्यात ‘डाऊन’ दिसते. ‘नो शटडाऊन’ चार वेळा देऊन झाले आहे.

अमळनेरची_प्राध्यापिका | मंगळवार, रात्री ९.५०

हे आधी कळस मग पाया असे झाले आहे. ‘इंटरफेस व्हीलॅन २०’ लिहिल्याने व्हीलॅन २० जन्माला येत नाही. केवळ त्याचा इंटरफेस तयार होतो. प्रथम ‘व्हीलॅन २०’ ही आज्ञा देऊन व्हीलॅन तयार करावे. क्रमांक १ ते ४०९४ यांपैकी असतो (सिस्कोवर १ आधीच वापरात असतो आणि १००२ ते १००५ राखीव असतात), कारण फ्रेममध्ये त्यासाठी १२ बिट राखलेले असतात आणि दोन टोकांचे क्रमांक वापरत नाहीत. त्यानंतर कॅमेऱ्यांचे पोर्ट त्यात घालावेत आणि त्यांपैकी एका तरी पोर्टवर चालू असलेला कॅमेरा जोडलेला असावा. हे पुरे झाल्याशिवाय एसव्हीआय उठत नाही. जोडल्यानंतरही साध्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट पुढे पाठवू लागेपर्यंत १५ आणि १५ असे ३० सेकंद जातात. कॅमेऱ्यांच्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ लावले तर ते वाचतात. ‘नो शटडाऊन’ चार वेळा दिल्याने स्विचवर काहीही परिणाम होत नाही, फक्त आपल्या मनाला बरे वाटते.

तूरडाळ_जळगाव (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ८.१५

व्हीलॅन २० उठले. आनंदाच्या भरात ज्या पोर्टला माझा लॅपटॉप लावला होता तोही त्यातच टाकला आणि लॅपटॉपचा कार्यालयाशी संबंध तुटला, परंतु कन्सोल केबल लावलेलीच होती म्हणून निभावले.

आता स्थिति अशी आहे. कॅमेऱ्यांना २०.११ पासून पुढचे पत्ते दिले आहेत आणि स्विचवरून प्रत्येक कॅमेऱ्याला पिंग जाते. कार्यालयातील संगणकावरून मात्र एकही कॅमेरा उत्तर देत नाही. स्विचवर ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.१.१’ लिहिलेले आहे.

सातपुडा_नेट | बुधवार, रात्री ८.४०

तीन ठिकाणी पाहा. पहिले म्हणजे ‘आयपी राउटिंग’ ही आज्ञा दिली आहे का? ती नसेल तर लेअर थ्रीचा स्विचही दोन व्हीलॅनमध्ये पॅकेट फिरवत नाही. दोन्ही बाजूंचे पत्ते असूनही तो मधल्या भिंतीसारखा उभा राहतो. दुसरे म्हणजे कॅमेऱ्यांच्या मांडणीत गेटवेच्या रकान्यात जुना १९२.१६८.१.१ राहिला असेल. स्विच कॅमेऱ्याच्याच जाळ्यात असल्यामुळे त्याला उत्तर मिळते, कार्यालयाला मिळत नाही. तिसरे म्हणजे संगणकांचा गेटवे. तो डब्याच्या डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून) येत असेल तर १.१ च येणार.

आणि ‘आयपी राउटिंग’ सुरू केले की ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ही ओळ मांडणीत दिसत राहते, पण स्विच तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती ओळ राउटिंग न करणाऱ्या स्विचसाठी आहे. आपल्याला ‘आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.१.१’ असा मार्ग लिहावा लागेल.

भुसावळकर_अण्णा | बुधवार, रात्री ९.०५

डब्याच्या डीएचसीपीमध्ये गेटवे बदलता येत नसेल, तर तेथील डीएचसीपी बंद करून स्विचवरच पूल तयार करावा आणि त्यात ‘डिफॉल्ट-राउटर १९२.१६८.१.२’ लिहावे. वाटपातून १.१, १.२, रेकॉर्डर आणि प्रिंटर यांचे पत्ते ‘एक्सक्लूडेड-ॲड्रेस’ने आधी वगळावेत, नाहीतर एखाद्या सकाळी प्रिंटरचा पत्ता कोणाच्या तरी मोबाईलला मिळालेला असेल.

आणखी एक. तो स्विच पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला नसावा, अशी आशा आहे. कार्यालयीन स्विचच्या माहितीपत्रकात कमाल तापमान बहुधा ४० ते ५० अंशांच्या आतबाहेर दिलेले असते आणि आपल्याकडचा उन्हाळा सावलीतच ४५ गाठतो. त्यात डाळीचा भुसा पंख्यात बसतो.

तूरडाळ_जळगाव (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ९.००

स्विच कार्यालयात, मालकांच्या देवघरामागच्या थंड भिंतीवर आहे, अण्णा. तिन्ही ठिकाणी चूक होती आणि तिन्ही दुरुस्त केल्या. १६ पैकी ११ कॅमेरे व्हीलॅन २० मध्ये व्यवस्थित चालतात, कार्यालयातून दिसतात आणि रेकॉर्डरमध्ये नोंद होते. डीएचसीपीही स्विचवर घेतले.

अडले आहे ते प्रवेशद्वारापाशी. तेथे ८ पोर्टचा साधा स्विच असून त्याला ५ कॅमेरे आणि वजनकाट्याचा संगणक लावलेला आहे, आणि तेथून कार्यालयापर्यंत एकच केबल येते. ती केबल व्हीलॅन २० मध्ये घातली तर वजनकाटा कॅमेऱ्यांत जातो, १० मध्ये घातली तर कॅमेरे कार्यालयात राहतात.

पांझरा_काठ | गुरुवार, रात्री ९.२०

ती केबल किती लांब आहे? आणि ती ज्या पोर्टवर येते त्याचे ‘शो इंटरफेसेस’ येथे द्या. वेग आणि सीआरसी चुका (खराब पोहोचलेल्या फ्रेमची संख्या) एवढेच पुरे.

तूरडाळ_जळगाव (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ९.५५

कोणी कधी मोजली नव्हती, म्हणून आता रखवालदाराला घेऊन टेपने मोजली. भिंतीवरची वळणे धरून सुमारे १३० मीटर भरते. वेग १०० दाखवतो. सीआरसीचा आकडा मी पाहत असतानाच वाढत होता.

पांझरा_काठ | गुरुवार, रात्री १०.०५

तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे. आपली पावती आयपी पत्त्यामुळे अडत नव्हती, त्या जादा ३० मीटरमध्ये अडत होती. फ्रेम खराब पोहोचते, टाकून दिली जाते आणि संगणक ती पुन्हा पाठवत बसतो. कॅमेऱ्याचे चित्र क्षणभर अडखळले तर कोणाच्या लक्षात येत नाही. पावतीपुढे मात्र ट्रकचालक उभा असतो.

पुण्यात_खान्देशी | गुरुवार, रात्री १०.३०

तेथे ऑप्टिकल फायबर टाकावी आणि साध्या स्विचच्या जागी व्हीलॅन जाणणारा लहान स्विच बसवावा. फायबरची दोन्ही टोके ट्रंक करून त्यावरून व्हीलॅन १० आणि २० दोन्ही न्यावेत. मग वजनकाट्याचा पोर्ट १० मध्ये आणि कॅमेऱ्यांचे पोर्ट २० मध्ये घालता येतात. त्या लहान स्विचला राउटिंग करायचे नसल्यामुळे त्याला स्वतःसाठी एकच पत्ता पुरेल. व्हीलॅन १० मध्ये १९२.१६८.१.३ द्यावा आणि गेटवे १.२ ठेवावा. बुधवारी जी ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ची ओळ निरुपयोगी ठरली, तिची खरी जागा या स्विचवर आहे.

नवा स्विच ब्राउझरमधून मांडायचा असेल तर त्याचा कारखान्यातला पत्ता खोक्यावर पाहावा. टीपी-लिंकचा बहुधा १९२.१६८.०.१ असतो, डी-लिंकचा १०.९०.९०.९०. तेवढ्यापुरता लॅपटॉपला त्याच जाळ्यातील पत्ता हाताने द्यावा लागतो. आणि पत्ता बदलला की पान तेथेच अडकते. ते बिघाड समजून रिसेटचे बटण दाबू नये, नव्या पत्त्यावर जावे.

केळीबाग_रावेर | शुक्रवार, सकाळी ८.१०

धागा वाचून आमच्या तंत्रज्ञाला विचारले. तो म्हणाला, ‘सेकंडरी’ तात्पुरते म्हणूनच लावले होते. त्याला तीन वर्षे झाली.

तूरडाळ_जळगाव (धागाकर्ता) | पुढील रविवार, सायंकाळी ६.४५

फायबर टाकून झाली, लहान स्विच बसला, ट्रंक चालू आहे आणि काल दिवसभर वजनकाट्याची पावती एकदाही अडली नाही. मालकांच्या मते ही नव्या आयपी पत्त्यांची किमया आहे. मी त्यांना १३० मीटरचा हिशेब सांगितला, पण ती केबल त्यांनीच टाकून घेतली होती, त्यामुळे त्यांनी विषय बदलला.

एक जुनी इच्छा मात्र शिल्लक आहे. कोणता कॅमेरा कोणत्या पोर्टवर आहे हे पत्त्यावरून कळावे, म्हणूनच तर मी सुरुवातीला प्रत्येक पोर्टला पत्ता देऊ पाहत होतो.

अमळनेरची_प्राध्यापिका | रविवार, सायंकाळी ७.३०

ते आता दोन आज्ञांत होईल. प्रथम कॅमेऱ्याच्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे नोंदी ताज्या होतात. मग ‘शो आयपी एआरपी’ मध्ये त्या आयपी पत्त्यासमोर कॅमेऱ्याचा मॅक पत्ता दिसेल, आणि तो मॅक पत्ता घेऊन ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’ पाहिले की पोर्ट कळेल. प्रवेशद्वाराचे पाचही कॅमेरे मोठ्या स्विचवर फायबरच्याच पोर्टवर दिसतील, कारण त्याच्या लेखी ते सर्व त्या एकाच दाराने येतात. त्यांच्यासाठी लहान स्विचवर जाऊन त्याचा मॅक तक्ता पाहावा. कळले की लगेच ‘डिस्क्रिप्शन’ लिहून टाकावे आणि मांडणी जतन करावी.

तूरडाळ_जळगाव (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.२०

१६ पैकी १४ कॅमेऱ्यांचे वर्णन लिहून झाले आणि ‘राइट मेमरी’ही दिले. उरलेल्या दोघांचे पोर्ट सापडले, परंतु दोघांच्याही चित्रात फक्त पोत्यांची थप्पी दिसते, त्यामुळे कोणता कोणत्या गोदामातला हे उद्या शिडी लावून पाहावे लागेल.